आबाळ : एका संकल्पनेचा इतिहास

‘हेळसांड’ आणि ‘आबाळ’ हे शब्द समानार्थी मानले जातात. तथापि त्यांच्या वापरात एक सूक्ष्म भेद आढळतो. हेळसांड बहुधा कोणीतरी करतो. आबाळ बहुधा होते. पहिल्या शब्दात दोषी व्यक्ती गृहीत असते, दुसऱ्यात केवळ निगेचा अभाव. प्रौढ मनुष्याच्या हातून स्वतःच्याच देहाची व घराची निगा सुटत जाते, त्या अवस्थेचा इतिहास समजून घेण्यास हा भेद उपयुक्त ठरतो.

वैद्यकशास्त्रात ह्या अवस्थेचे पद्धतशीर वर्णन प्रथम मॅकमिलन व शॉ ह्यांनी १९६६ मध्ये इंग्लंडमधील ७२ रुग्णांच्या आधारे केले. १९७५ मध्ये क्लार्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३० वृद्धांचा अभ्यास करून तिला ग्रीक तत्त्वज्ञ डायोजेनीसचे नाव दिले. हे नाव यथार्थ नव्हे. कारण डायोजेनीसचे दारिद्र्य स्वेच्छेचे होते. मात्र त्या ३० जणांपैकी सुमारे निम्म्यांत मानसिक आजार आढळला नाही, हा निष्कर्ष महत्त्वाचा होय. पुढे इंग्लंडच्या २०१४ च्या काळजी-कायद्याच्या मार्गदर्शिकेत स्वतःच्या आबाळीला स्वतंत्र स्थान मिळाले.

भारतीय कायद्यांची दृष्टी प्रामुख्याने हेळसांडीकडे राहिली. २००७ चा ज्येष्ठ नागरिक कायदा आईवडील व साठी पूर्ण केलेल्यांपुरता असून मुलांची व नातलगांची जबाबदारी सांगतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार मनोरुग्णाचा छळ वा उपेक्षा होत असल्यास पोलिसांनी दंडाधिकाऱ्यांना कळवावयाचे असते. परंतु साठीच्या आतला, एकाकी आणि आजाराचे निदान न झालेला मनुष्य ह्या दोहोंच्या मधल्या जागेत राहतो.

नवी मुंबईतील जुईनगर येथे २०२५ च्या मध्यास उघडकीस आलेली घटना ह्याच स्वरूपाची होती. आईवडिलांच्या निधनानंतर एकाकी झालेले, साठीच्या आतील एक गृहस्थ सुमारे तीन वर्षे सदनिकेत कोंडून राहिले होते. घरपोच येणारे अन्न हाच त्यांचा बाह्य जगाशी दुवा उरला होता. घरात कचरा साचला होता, पायाला जंतुसंसर्ग झाला होता. पनवेलच्या ‘सील’ संस्थेच्या कार्यकर्त्यांनी त्यांना बाहेर काढून आश्रमात नेले.

दार क्वचितच उघडणे, कचरा बाहेर न काढणे, स्नान व वस्त्रांकडे दुर्लक्ष, उपचाराविना राहिलेली जखम, मदतीस नकार : ह्यांतील एखादेच चिन्ह विक्षिप्तपणाचे वाटते. ती एकत्र आणि वाढत्या क्रमाने दिसू लागली, विशेषतः घरातील मृत्यूनंतर, तर तो स्वेच्छेचा एकांत न समजता आबाळ समजावी. तेथे दोषी शोधण्यापूर्वी शेजाऱ्यांनी वारंवार विचारपूस करणे आणि वेळीच वैद्यकीय साहाय्य बोलाविणे अगत्याचे ठरते.