पान वाचण्याआधीचं काम: ओसीआरला वेग कुठून मिळाला?

खानदेशच्या इतिहासावर काम करायचं म्हटलं की शिंदखेड्याहून पहिली वाट धुळ्याला जाते. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली तिथेच वारले आणि १९२७ मध्ये त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. गावोगाव फिरून मिळवलेली कागदपत्रं त्यांनी १८९८ पासून छापायला घेतली. आता ती छापील पानंही जुनी झाली. त्यांचे फोटो काढून शोधता येईल असा मजकूर मिळवणं, हे आपलं काम.

ओसीआर अक्षर ओळखतं, पण त्याआधी पान अनेकदा निव्वळ काळं-पांढरं करावं लागतं. याला बायनरायझेशन म्हणतात. जपानच्या नोबुयुकी ओत्सू यांनी १९७९ मध्ये संपूर्ण पानासाठी एकच उंबरठा काढायची रीत दिली. ती झटपट चालते. पण बांधणीजवळ सावली किंवा ओलीचा डाग असेल तर फसते. डागाखालची अक्षरं बुडतात, फिकट अनुस्वार उडतो. 'शिंदखेडा'चं 'शिदखेडा' झालं की शोधताना तुमचं गावच सापडत नाही!

म्हणून प्रत्येक बिंदूचा उंबरठा आजूबाजूच्या चौकोनावरून ठरवायची कल्पना आली: १९८६ मध्ये निब्लॅक, २००० मध्ये सावोला आणि पिएतिकाइनेन. निकाल सुधारला, पण खर्च बघा. ३०० डीपीआयचं ए-फोर पान म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू. ४१ × ४१ चा चौकोन घेतला तर प्रत्येक बिंदूसाठी १,६८१ बिंदू वाचायचे. एका पानाला जवळपास १,४६० कोटी वाचनं! साध्या लॅपटॉपवर शेकडो पानांचं काय होणार?

२००८ मध्ये शफैत, कीझर्स आणि ब्रॉयल यांनी यावर इंटिग्रल इमेज वापरली. दोंडाईच्याच्या मिरची आडत्याची वही डोळ्यासमोर आणा. रोजची आवक चढत्या बेरजेने लिहिली असेल, तर फेब्रुवारीची आवक काढायला महिनाभराचे आकडे पुन्हा मिळवावे लागत नाहीत; फेब्रुवारीअखेरच्या बेरजेतून जानेवारीअखेरची वजा केली की झालं. पानावर हेच आडवं-उभं करायचं. मग चौकोन कितीही मोठा असो, चार कोपऱ्यांचे आकडे पुरतात. सरासरीसाठी एक तक्ता, प्रमाण विचलनासाठी वर्गांचा दुसरा, म्हणजे बिंदूमागे फक्त आठ वाचनं. (वर्गांच्या तक्त्याला ६४-बिट संख्या घ्या; ३२-बिटमध्ये बेरीज मावत नाही.)

गंमत अशी की हा तक्ता फ्रँकलिन क्रो यांनी १९८४ मध्येच मांडला होता, तोही कॉम्प्युटर ग्राफिक्ससाठी. २००१ मध्ये व्हायोला आणि जोन्स यांनी तो चेहरे ओळखायला वापरला. म्हणजे निब्लॅकच्याही आधी उत्तर तयार होतं, फक्त दुसऱ्या विषयाच्या कपाटात.

तेव्हा संशोधनाला लागताना दोन गोष्टी करा. वेळ नेमका कुठे जातो ते आधी मोजा. आणि साहित्याचा आढावा घेताना शेजारच्या विषयातही डोकावा. वेगवान मशीन मागण्याआधी बघा, आपण तीच बेरीज पुन्हा पुन्हा तर करत नाही ना?