दिव्याखालचे पाणी

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे पावसाळा लागला की नाल्याचे, झिऱ्याचे पाणी गढूळ होते आणि शाळेच्या हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढतात. मास्तर म्हणून मी त्या खुणा वर्षानुवर्षे मोजल्या. म्हणून डॉ. अशोक गाडगीळ यांच्या कामाविषयी लिहावेसे वाटले.

गाडगीळांचा जन्म 1950 चा, मुंबईचा. मुंबई विद्यापीठ, कानपूरची आयआयटी आणि मग अमेरिकेतील बर्कली असे त्यांचे पदार्थविज्ञानाचे शिक्षण. 1992 च्या अखेरीस दक्षिण भारतात पटकीचा एक नवा प्रकार दिसला. 1993 मध्ये तो बंगाल आणि बांगलादेशात पसरला, हजारो माणसे दगावली. तेव्हा बर्कलीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेत असलेल्या गाडगीळांनी स्वस्त उपाय शोधायला घेतला.

मूळ कल्पना जुनीच. सूर्यप्रकाशाने जंतू मरतात हे डाऊन्स आणि ब्लंट यांनी 1877 मध्ये दाखवले होते. 1910 च्या सुमारास फ्रान्समधल्या मार्सेय शहरात अतिनील दिव्याने पाणी शुद्ध करून पाहिले गेले. पाऱ्याच्या दिव्यातून निघणारे सुमारे 254 नॅनोमीटरचे किरण जंतूंच्या डीएनएत बिघाड करतात, मग त्यांची वाढ होत नाही. अडचण अशी, की पाण्यात बुडवलेल्या दिव्याच्या काचेवर क्षार आणि बुळबुळीत थर साचतो. गाडगीळांनी दिवा पाण्याच्या वर टांगला आणि खालून उथळ पाणी वाहू दिले. दाबाचा नळ नको, वरून ओतलेले पाणीही चालते. मिनिटाला सुमारे 15 लिटर पाणी शुद्ध होते, वीज लागते एका साध्या बल्बाइतकी. तेवढे पाणी उकळायला किती सरपण लागते, ते जंगलातून मोळी आणणाऱ्या बायांना विचारावे.

आता तर पेनाएवढे दिवेही मिळतात, पेल्यात फिरवायचे. पण मंडळी, या प्रकाशाच्या मर्यादाही ध्यानात ठेवाव्यात. गढूळ पाण्यात मातीचे कण जंतूंना आडोसा देतात, म्हणून पाणी आधी निवळून गाळायला हवे. आमच्या जिल्ह्यातल्या काही गावांच्या बोअरिंगला फ्लोराइड आहे, त्यावर हा दिवा काहीच करीत नाही. आणि क्लोरीनसारखा त्याचा अंश पाण्यात उरत नाही. गुंडात मळका हात बुडाला की केलेले सगळे वाया.

2023 मध्ये गाडगीळांना अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक मिळाले. आनंद झाला. मात्र गुंडाजवळचे लांब दांड्याचे ओगराळे कोणी काढून ठेवू नये.