‘दुसरा नको’ : विद्युत्‌-उपचार आणि रुग्णाची साक्ष

पुण्याकडे ‘येरवडा’, मुंबईकडे ‘ठाणे’ आणि आम्हा यवतमाळकरांसाठी ‘नागपूर’ : गावाचे नाव घेतले की मनोरुग्णालय हा अर्थ आपोआप येतो. त्यामागून येतो ‘शॉक’. या शब्दाला आपल्याकडे शिक्षेचा वास आहे आणि तो निव्वळ अज्ञानातून आलेला नाही.

१९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचिओ बिनी यांनी हा उपचार प्रथम केला. रुग्ण रेल्वे स्थानकावर पोलिसांना सापडलेला, असंबद्ध बोलणारा. पहिला झटका अपुरा पडला. पुन्हा द्यावा का, अशी चर्चा चालू असता तो स्वच्छ शब्दांत म्हणाला की दुसरा नको, जीव जाईल. हे खुद्द चेर्लेत्ती यांनीच नोंदवले आहे. तरीही झटका दिला गेला. या उपचाराचा पुढचा सारा इतिहास मला त्या दुर्लक्षित वाक्याभोवती फिरताना दिसतो.

आरंभी भूल नव्हती. आचक्यांच्या जोराने मणके मोडत. १९५०च्या दशकात भुलीबरोबर स्नायू शिथिल करणारे औषध आले आणि ही इजा जवळजवळ थांबली. आपल्याकडे मात्र बिनभुलीचा ‘डायरेक्ट’ शॉक पुढेही दशकानुदशके चालू राहिला. पुण्याच्या बापू ट्रस्टच्या भार्गवी दावर यांनी त्याविरुद्ध सातत्याने आवाज उठवला. भूलतज्ज्ञ नसतील तर उपचारच नाकारायचा का, असा उलट प्रश्न काही मानसोपचारतज्ज्ञांनी विचारला. जिल्ह्याच्या गावी राहणाऱ्याला तो अगदीच खोटा वाटत नाही. अखेर २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बिनभुलीच्या शॉकला बंदी घातली.

आता प्रश्न उरतो स्मृतीचा. साधारणतः सहा ते बारा वेळा, आठवड्यातून दोन-तीनदा हा उपचार होतो. त्याने मेंदूची रचना बिघडते, असे तपासण्यांत आढळलेले नाही. मृत्यूचे प्रमाण लाखभर उपचारांमागे दोनेक. अन्नपाणी सोडलेल्या, जीव द्यायला निघालेल्या रुग्णाला तो वाचवतोही. (शेतकरी-आत्महत्यांचे उत्तर यात शोधणे मात्र क्रूर थट्टा ठरेल.) डोकेदुखी आणि गोंधळ काही तासांत ओसरतो, नवे लक्षात ठेवण्याची शक्ती काही आठवड्यांत परतते. पण उपचाराआधीच्या महिन्यांतल्या स्वतःच्या आयुष्याच्या आठवणी काहींच्या कायमच्या जातात. दोन्ही बाजूंनी आणि जुन्या पद्धतीच्या प्रवाहाने दिलेल्या उपचारात हे अधिक घडते, असे २००७च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. तोवर अशा तक्रारींची गणना बहुधा आजाराच्याच लक्षणांत होई. शब्दांची यादी आठवून सांगणारा रुग्ण चाचणीत उत्तीर्ण होई; गेल्या उन्हाळ्यातले मुलीचे लग्न त्याला आठवते का, हे त्या यादीत नसे.