अभिनेत्याचे मानधन : नाइट आणि ९० दिवस

मराठी व्यावसायिक रंगभूमीवर अभिनेत्याला प्रत्येक प्रयोगामागे जे मानधन मिळते, त्यास 'नाइट' म्हणतात. प्रयोग दुपारी चारचा असला तरी शब्द तोच. प्रयोग लागला नाही तर नाइटही नाही.

दूरचित्रवाणी मालिकांत हिशेब दिवसावर चालतो. पाळी साधारणतः १२ तासांची असते. मात्र आजच्या चित्रीकरणाचे पैसे बहुधा ९० दिवसांनी हाती येतात, तेही सामान्यतः १० टक्के प्राप्तिकर आधीच कापून. (उत्पन्न करपात्र नसेल, तर विवरणपत्र भरून ही रक्कम परत मिळते. अनेक नवोदित ते भरतच नाहीत.) त्यामुळे मुंबईत पहिली मालिका मिळालेल्या कलावंताने निदान तीन महिन्यांचे घरभाडे गाठीशी ठेवणे आवश्यक ठरते. ऑडिशनसाठीच पैसे मागणाऱ्याकडे तर फिरकूही नये. तो धंदा निराळा.

मालिका मध्येच बंद पडली की थकबाकीची वसुली अवघड होते. अशा वेळी लेखी करार आणि चित्रीकरणाच्या दिवसांची स्वतः ठेवलेली नोंद उपयोगी पडते. 'सिंटा' ही कलाकारांची संघटना सभासदांच्या तक्रारी हाती घेते. तिच्यापुढेही तोंडी आश्वासनापेक्षा कागदाला वजन असते.

करारात दिवसाचा दर, पैसे देण्याची मुदत आणि अन्य काम स्वीकारण्यावरील बंधन ही कलमे वाचल्याखेरीज सही करू नये. नाटक करणाऱ्यांना शेवटचे कलम विशेष नडते. प्रयोग शनिवार-रविवारी लागतात आणि मालिकेच्या तारखा नेमक्या त्यांवरच येतात.