वाचन शिकविणाऱ्यांचे शिक्षक

ग्रंथालयाच्या नोंदवहीत सभासदाचे नाव असते, पत्ता असतो, वर्गणी भरल्याची तारीख असते. त्याला पहिले अक्षर कोणी ओळखीचे करून दिले याची नोंद मात्र कोठेच नसते. वाचता येणे इतके अंगवळणी पडते की ते कधीकाळी शिकावे लागले होते, हेच प्रौढ वाचक विसरून जातो. धूळपाटीवर बोट फिरविणारा मुलगा आणि ते गिरवून घेणारे पंतोजी यांपैकी कोणालाही, वाचताना डोळा आणि मन नेमके काय करतात, असा प्रश्न पडण्याचे कारण नव्हते. तो प्रश्न एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेतील विद्यापीठांनी विचारला. त्याचे उत्तर वर्गातील शिक्षकापर्यंत पोहोचविण्याचा खटाटोप अद्याप संपलेला नाही.

जर्मनीतील लाइपझिग येथे मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणारे तरुण अमेरिकन संशोधक जेम्स मॅकीन कॅटेल यांनी १८८६ च्या सुमारास असे दाखवून दिले की, ओळखीचा संपूर्ण शब्द वाचायला लागणारा वेळ सुट्या अक्षरापेक्षा जास्त नसतो. पुढे क्लार्क विद्यापीठात एडमंड ह्यूई यांनी डोळ्याच्या हालचाली टिपण्याची एक विलक्षण युक्ती काढली. वाचणाऱ्याच्या बुबुळावर, औषधाने ते बधिर करून, प्लॅस्टरची इवलीशी वाटी बसवायची आणि तिला जोडलेल्या हलक्या काट्याने काजळी धरलेल्या फिरत्या कागदावर रेघ उमटवायची! आज अंगावर शहारा आणणाऱ्या या प्रयोगांतून डोळा ओळीवरून सरळ सरकत नाही, तर उड्या घेत व थबकत पुढे जातो, हे स्पष्ट दिसले. ह्यूई यांचा ‘वाचनाचे मानसशास्त्र आणि अध्यापन’ या विषयावरील ग्रंथ १९०८ मध्ये निघाला. पाचच वर्षांनी, वयाच्या अवघ्या ४३ व्या वर्षी ते निवर्तले. ग्रंथ मात्र टिकला.

या आरंभातच एक गफलत दडलेली होती. प्रयोगशाळेत बसलेले वाचक प्रौढ व निष्णात होते. त्यांना शब्द एका दृष्टिक्षेपात कळतो, तर मग बालकालाही अक्षरांच्या फंदात न पाडता थेट शब्दच ओळखायला शिकवावा, असा निष्कर्ष अनेक शिक्षणतज्ज्ञांनी काढला. शब्दपद्धतीचा पुरस्कार अमेरिकेत त्याआधीही झाला होता. आता तिला शास्त्राचा टिळा लागला. जे मुरलेल्या वाचकाचे लक्षण, तेच नवशिक्याचे साधन मानले गेले. पोहणाऱ्याचे हात डौलाने चालतात म्हणून शिकाऱ्याला तो डौलच प्रथम शिकवावा, तशातला हा प्रकार.

त्या काळातील या विषयाचे सर्वांत वजनदार नाव म्हणजे शिकागो विद्यापीठाचे विल्यम ग्रे. मोठ्याने वाचून घेऊन मुलांची वाचनशक्ती मोजणारे प्रमाणित उतारे त्यांनी १९१५ मध्ये तयार केले. १९२५ पासून वाचनविषयक सर्व संशोधनाचा वार्षिक गोषवारा ते नेमाने प्रसिद्ध करीत राहिले. युनेस्कोसाठी जगभरातील वाचन-लेखन अध्यापनाचा आढावाही त्यांनीच १९५६ मध्ये सिद्ध केला. याच ग्रे यांचा हात ‘डिक आणि जेन’ या प्रसिद्ध बालवाचनमालेमागेही होता. मोजके शब्द, त्यांची वारंवार पुनरुक्ती आणि शेजारी बोलके चित्र, अशी तिची बांधणी होती. ग्रे यांनी ध्वनी आणि अक्षर यांच्या नात्याला सर्वस्वी फाटा दिला होता असे नाही. परंतु त्यांच्या मालेत आधी शब्द पाठ व्हायचे आणि अक्षरांची उकल मागाहून, थोडीथोडी व्हायची. लाखो अमेरिकन मुले या पुस्तकांवर वाढली.

१९५५ मध्ये रुडॉल्फ फ्लेश यांनी ‘जॉनीला वाचता का येत नाही’ असा सवाल पुस्तकाच्या मथळ्यातच करून या पद्धतीवर आसूड ओढला. पुस्तक खपले आणि पालक खवळले. प्राध्यापक मंडळींनी मात्र ते प्रचारकी ठरवून बाजूला सारले. प्रचारकी तर ते होतेच. पण त्यातला प्रश्न खोटा नव्हता.

तो प्रश्न शांतपणे हाती घेतला जीन चॉल यांनी. १९२१ मध्ये पोलंडमध्ये जन्मलेल्या, घरी यिडिश बोलणाऱ्या या मुलीला सातव्या वर्षी न्यूयॉर्कला आल्यावर परक्या भाषेतच वाचन शिकावे लागले होते. १९६२ ते १९६५ या काळात कार्नेगी कॉर्पोरेशनच्या साह्याने त्यांनी तोवर झालेले सारे संशोधन पुन्हा तपासले, प्रचलित वाचनमाला चाळल्या, त्यांच्या कर्त्यांच्या मुलाखती घेतल्या आणि अमेरिका, इंग्लंड व स्कॉटलंड येथील शेकडो वर्गांत बसून शिकवणे पाहिले. १९६७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष असा की, आरंभी अक्षर व ध्वनी यांचे नाते पद्धतशीरपणे शिकविल्यास मुले शब्द तर नीट वाचतातच, पण आशयाच्या आकलनातही ती मागे पडत नाहीत. ही फक्त पहिली पायरी आहे, तिच्यावरच रेंगाळू नये, हा इशाराही त्यांनी त्याच ग्रंथात दिला होता. तो इशारा मात्र दोन्ही पक्षांच्या अभिमान्यांनी फारसा मनावर घेतला नाही.

चॉल हार्वर्ड विद्यापीठात १९९१ पर्यंत शिकवीत होत्या. तेथे त्यांनी वाचन-प्रयोगशाळा उभारली. तिच्यात डोळ्यावर वाटी बसवायची नव्हती. भावी शिक्षकाने वाचनात अडलेल्या एकेका मुलाजवळ बसायचे, त्याला शिकवायचे आणि शिकविता शिकविता त्याची अडचण ओळखायची, असा तेथला शिरस्ता होता. याची गरज का भासली हे त्याच विद्यापीठातील मेरी ऑस्टिन यांच्या १९६१ च्या पाहणीवरून कळते. वाचन शिकविणारे उद्याचे शिक्षक कसे तयार होतात, याचा शोध घेत त्या देशभरच्या अध्यापक महाविद्यालयांत फिरल्या. त्यांनी रेखाटलेले चित्र समाधानकारक नव्हते. जी विद्या सर्व विद्यांचा दरवाजा, तिच्या अध्यापनाची तयारी बहुधा एखाद्या व्यापक भाषाविषयक अभ्यासक्रमाच्या कोपऱ्यात उरकली जात होती.

याची झळ कोणाला लागते, हे चॉल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९९० मध्ये लिहिलेल्या ग्रंथात दाखवून दिले. गरीब घरची मुले पहिल्या दोन-तीन इयत्तांत बरोबरीने चालतात. चौथीच्या सुमारास पुस्तकांतले शब्द अनोळखी व विषय दूरचे होऊ लागले की ती मागे पडतात. ज्या घरात पुस्तके आहेत आणि वाचून दाखविणारी माणसे आहेत, तेथील मूल शिक्षकाची चूक पचवू शकते. ज्याच्या घरी छापील कागद येतो तो वाण्याच्या पुडीचाच, त्याला तेवढी ऐपत नसते.

चॉल यांचा ग्रंथ निघाला त्याच वर्षी केनेथ गुडमन यांनी अगदी उलट सिद्धांत मांडला, हा योगायोग मोठा बोलका आहे. वाचन म्हणजे संदर्भाच्या आधारे केलेले तर्काचे खेळणे, असे त्यांचे म्हणणे. पुढील दोन दशके शिक्षणक्षेत्रावर याच मताची मोहिनी राहिली. पुढे सूक्ष्म यंत्रांनी डोळ्याच्या हालचाली पुन्हा मोजल्या गेल्या, तेव्हा उत्तम वाचक शब्दांवरून अंदाजाने उडत जात नाही, बहुतेक शब्दांवर तो क्षणभर का होईना ठरतो, हे सिद्ध झाले. तर्कावर भिस्त ठेवतो तो चाचपडणारा वाचक!

न्यूझीलंडमध्ये ऑकलंड विद्यापीठाच्या मेरी क्ले यांनी शाळेच्या पहिल्या वर्षातील शंभर मुलांचे आठवड्या-आठवड्याला निरीक्षण करून १९६६ मध्ये प्रबंध सादर केला होता. त्यातून मागे पडणाऱ्या मुलांसाठी त्यांची विशेष अध्यापनयोजना पुढे अनेक देशांत पसरली. तीत एक शिक्षक एका मुलाला शिकवी आणि काचेपलीकडे बसलेले इतर शिक्षक ते पाहून चर्चा करीत. मात्र अडलेला शब्द चित्रावरून वा अर्थावरून ताडण्याची सवय तीत मुलांना लागे, हा आक्षेप वाढत गेला. २०२२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, या योजनेतून गेलेली मुले पुढील इयत्तांत तशाच इतर मुलांच्या मागे असल्याचे आढळले. खुद्द न्यूझीलंडच्या शासनानेही २०२४ मध्ये तिचा आधार काढून घेण्याचा निर्णय घेतला. पद्धत सदोष ठरली तरी शिक्षक घडविण्याची काचेपलीकडची ती रीत टाकाऊ म्हणता येणार नाही.

हा सारा वाद ‘पी यू टी पुट, तर बी यू टी बुट का नाही’ असे विचारायला लावणाऱ्या भाषेतला. बालबोध लिपीला त्याच्याशी काय कर्तव्य, असे कोणी म्हणेल. देवनागरीत उच्चार व अक्षर यांचे नाते पुष्कळ सरळ आहे, हे खरे. परंतु इंग्रजी मुलापुढे २६ अक्षरे असतात, तर मराठी मुलापुढे बाराखडीतून चारशेच्या वर आकृती उभ्या राहतात, जोडाक्षरे वेगळीच. बंगळूरच्या सोनाली नाग यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कन्नडविषयक संशोधनात, अशा लिपीवर प्रभुत्व यायला मुलांना प्राथमिक शाळेची कित्येक वर्षे लागतात, असे दिसून आले.

मराठीपुरते पाहता या विद्येचा धागा हैदराबादेतून निघतो आणि हैदराबादेतच परततो. १९६१ मध्ये मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन तरुणी तेथील विवेकवर्धिनी महाविद्यालयात इंग्रजी शिकविण्यासाठी आल्या आणि मराठीच्या प्रेमात पडल्या. फलटणच्या बोलीतील सामाजिक स्तर हा विषय घेऊन १९७३ मध्ये त्यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि पुढे फलटणलाच बिऱ्हाड थाटून प्रगत शिक्षण संस्था उभी केली. घरी ‘पानी’ म्हणणाऱ्या मुलासमोर पुस्तकातले ‘पाणी’ येते तेव्हा काय होते, हे बोलीच्या अभ्यासकाला सांगावे लागत नाही. उतारवयात त्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या हैदराबाद केंद्रात अध्यापनासाठी पुन्हा त्याच शहरात आल्या.

शैलजा मेनन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघर जिल्ह्यातील वाडा तालुका आणि कर्नाटकातील यादगीर जिल्हा येथील सरकारी शाळांतील मुलांचा पहिलीपासून तिसरीपर्यंत पाठपुरावा केला. त्याचा अहवाल २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. तिसरीच्या अखेरीसही अनेक मुलांना साधा उतारा वाचता येत नव्हता. आधी सारी मुळाक्षरे, मग सारी बाराखडी, मग शब्द, आणि अर्थ जमल्यास सर्वांत शेवटी, हा क्रम शिक्षकांच्या मनात घट्ट बसलेला होता. त्यांनाही कोणी निराळे शिकविले नव्हते.

फलटण व वाडा येथे यावर रुजविलेला उपाय म्हणजे वर्णगटांचा. थोडी मुळाक्षरे आणि एखाद-दुसरे स्वरचिन्ह एकदम द्यायचे आणि तेवढ्यावरच शब्द वाचू द्यायचे. क, म, ल आणि काना एवढ्या सामग्रीवर ‘काका’, ‘मामा’, ‘कमल’, ‘माल’, ‘काम’ हे शब्द मुलाच्या हाती येतात. चारशे आकृतींचा डोंगर चढेपर्यंत वाट पाहावी लागत नाही. या पद्धतीच्या घडणीत जिचा मोठा वाटा, ती विदुषी स्वतः प्रौढपणी, परक्या मुलखातून येऊन, ही बालबोध अक्षरे एकेक करून शिकली होती.