शोधशब्दांचा लिलाव आणि लहान दुकानदार

ग्राहक व विक्रेता यांच्या व्यवहारात आधी बोलावयाचे कोणी, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. भाषेच्या अभ्यासकाला मात्र तो टाळता येत नाही. फेरीवाल्याची आरोळी, वृत्तपत्रातील जाहिरात, दुकानावरील पाटी, या साऱ्यांत आधी बोलतो तो विक्रेता. इंटरनेटवरील शोधयंत्रांनी हा क्रम उलटविला. तेथे प्रथम ग्राहक आपल्या गरजेला स्वतःचे शब्द देतो, आणि ते शब्द विक्रेत्याने अगोदरच ओळखून ठेवावयाचे असतात. या उलटापालटीत लहान दुकानदाराला काय मिळाले व त्यातील किती टिकले, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

या प्रकाराचे पूर्वरूप दूरध्वनीच्या सूचीत सापडते. अमेरिकेतील न्यू हेवन येथे फेब्रुवारी १८७८ मध्ये निघालेली सूची म्हणजे एकच कागद होता. त्यावर अवघी ५० नावे होती. क्रमांक मुळीच नव्हते, कारण जोडणी करून देण्यास मध्ये माणूस असे. नावे मात्र घरे, डॉक्टर, दुकाने अशा वर्गांत लावलेली होती. ग्राहक येथे स्वतः शोधू लागला खरा, परंतु शोधावयाचे ते सूचीकाराने ठरविलेल्या मथळ्याखाली. शब्द अजून त्याचा नव्हता.

तो त्याचा झाला शोधयंत्रांमुळे, आणि लगोलग विकावयासही निघाला. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे बिल ग्रॉस यांनी १९९८ मध्ये 'गोटू' नावाचे शोधयंत्र सुरू केले. शोधयंत्रांना फसविण्यासाठी आपल्या पानात एकच शब्द पुनःपुन्हा घुसडून ठेवण्याची युक्ती त्या काळी विक्रेत्यांत बोकाळली होती. ग्रॉस यांनी यावर सरळ बाजाराचा उपाय काढला. ज्याला जो शब्द हवा त्याने त्यावर बोली लावावी. बोली एका सेंटपासून सुरू होई. पैसे द्यावयाचे ते मात्र ग्राहकाने टिचकी मारली तरच. कोणी किती बोली लावली हे निकालाशेजारी उघड छापलेले असे. शोधाचे निकाल विकणे हे त्या वेळी अनेकांना अशिष्ट वाटले. पण त्या उघडेपणात एक प्रामाणिकपणा होता, असे माझे मत आहे.

गूगलची अशीच योजना ऑक्टोबर २००० मध्ये ३५० जाहिरातदारांनिशी सुरू झाली. जिवंत शेवंड टपालाने धाडणारा एक लहान व्यापारी तिच्या अगदी पहिल्या गिऱ्हाइकांत होता. फेब्रुवारी २००२ मध्ये गूगलनेही टिचकीमागे पैसे घेण्यास प्रारंभ केला. तथापि क्रम ठरविताना केवळ बोली न पाहता त्या जाहिरातीवर किती लोक टिचकी मारतात हेही जमेस धरले. त्यामुळे नेमक्या शब्दांत लिहिणारा लहान दुकानदार अधिक बोलीच्या धनिकावर मात करू शकला.

येथे व्याकरणाचा एक मुद्दा आहे, आणि तो मला या साऱ्या इतिहासाचे मर्म वाटतो. नुसते नाम सामान्यतः महाग असते. त्याला विशेषण जोडीत गेले की ते मागणारे कमी होतात आणि बोली उतरते. 'साडी' या शब्दावर येवल्याच्या विणकराने बोली लावणे म्हणजे हात दाखवून अवलक्षण. 'येवल्याची हातमागावरील पैठणी' हा त्याच्या आवाक्यातला शब्द. विशेषण हा लहान दुकानदाराचा आडोसा होता. शब्दसमूह चौकोनी कंसात घातला की ग्राहकाने तंतोतंत तोच टंकल्याखेरीज जाहिरात दिसत नसे.

हा आडोसा पायरीपायरीने काढून घेण्यात आला. एकवचन-अनेकवचन व लेखनातील चुका यांना तंतोतंत जुळणीत धरणे पूर्वी जाहिरातदाराच्या मर्जीवर होते. २०१४ मध्ये ते सक्तीचे झाले. २०१७ मध्ये शब्दांचा क्रम व संबंधदर्शक शब्द गौण ठरले. २०१८ मध्ये अर्थ समान असला की पुरे, असे ठरले. प्रथम रूप, मग क्रम, शेवटी शब्दच. उरला तो अर्थ, आणि समानार्थ कशाला म्हणावयाचे हे ठरविणार गूगल. कंपनीचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. माणसे एकच गोष्ट असंख्य प्रकारे विचारतात. मराठीत तर 'पुणे', 'पुण्यात', 'पुण्याची' ही रूपे वेगवेगळी विकत घ्यावी लागणे हास्यास्पदच ठरले असते. शिवाय तोच ग्राहक उद्या रोमन लिपीत लिहील. परंतु पर्यायवाची शब्दांत छटांचा भेद असतो, आणि लहान धंदा त्या छटेवरच चालतो. नको असलेले शब्द वगळण्याची सोय विक्रेत्याला आहे. म्हणजे पूर्वी हवा तो शब्द निवडावयाचा, आता नको ते शब्द निवडीत बसावयाचे.

विशेषणाचे असे झाले, विशेषनामाचे काय? प्रतिस्पर्ध्याच्या नावावर बोली लावता येते, हा वाद युरोपीय न्यायालयात २०१० मध्ये लुई व्हितों प्रकरणात निघाला. तेथे असे ठरले की, नावाचा व्यापारी वापर जाहिरातदार करतो, गूगल स्वतः करीत नाही. भारतात 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स' या नावाच्या धारक कंपनीच्या तक्रारीवर दिल्ली उच्च न्यायालयाने १० ऑगस्ट २०२३ रोजी वेगळी भूमिका घेतली: असा उपयोग हा व्यापारचिन्हाचा वापरच होय आणि त्यात गूगल केवळ तटस्थ मध्यस्थ नव्हे, मात्र ग्राहकाची दिशाभूल होत नसेल तर तेवढ्याने हक्कभंग होत नाही. ही कंपनी काही लहान नव्हे. लहान पेढीला न्यायालयाची पायरी क्वचितच परवडते. तिला स्वतःच्या नावावर स्वतःच बोली लावावी लागते, आणि जो ग्राहक तिचे नाव आधीच ओळखून तिलाच शोधीत आला, त्याच्याही टिचकीचे पैसे भरावे लागतात.