मराठवाड्यातील राजकीय वृत्तपत्रे

पूर्वीच्या हैदराबाद संस्थानातील औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद या पाच मराठीभाषक जिल्ह्यांत लोकमताचे वाहन म्हणून उदयास आलेली वृत्तपत्रे. बाळशास्त्री जांभेकरांचे दर्पण मुंबईत १८३२ मध्ये निघाले व केसरी पुण्यात १८८१ मध्ये. याच १८८१ च्या जुलैमध्ये फ्रान्सने वृत्तपत्रस्वातंत्र्याचा प्रसिद्ध कायदा केला. मराठवाड्यात मात्र राजकीय मजकूर छापणाऱ्या मराठी पत्राला विसाव्या शतकातही उघडपणे उभे राहता आले नाही. साक्षरतेचे अल्प प्रमाण हे त्याचे एक कारण होय. परंतु मुख्य अडसर राज्यपद्धतीचाच होता.

संस्थानचा कारभार व उच्च शिक्षण उर्दूत चाले. सभा भरविण्यासाठीही पूर्वपरवानगी आवश्यक करणारी ‘गश्ती निशाण ५३’ ही आज्ञा १९२९ मध्ये निघाली. जेथे चार माणसांना एकत्र जमण्यास मुभा नाही, तेथे छापखान्यास ती कोठून असणार? हैदराबाद शहरात लक्ष्मणराव फाटक यांनी १९२० मध्ये सुरू केलेले निजाम विजय हे मराठी साप्ताहिक बरेच जपून लिही. त्याच्या नावातील राजनिष्ठा ही काही अंशी ढालही असावी. मराठी वाचकांचा एक संघटित वर्ग तयार करण्याचे श्रेय मात्र त्यास द्यावेच लागते.

पहिले महाराष्ट्र परिषदेचे अधिवेशन १९३७ मध्ये परतूर येथे भरले. पुढील वर्षी स्टेट काँग्रेसवर बंदी आली आणि त्याच वर्षी, १० फेब्रुवारी १९३८ रोजी, आनंद कृष्ण वाघमारे यांनी मराठवाडा हे साप्ताहिक काढले. त्याची छपाई संस्थानच्या हद्दीबाहेर होई. भूगोलाने येथे चळवळीस साहाय्य केले : मनमाड हे जंक्शन ब्रिटिश मुलखात असून तेथून औरंगाबादेस जाणारा लोहमार्ग निजामी मुलखात शिरत असे. हुकूमनाम्याने अंक अडविता येत. माणसांची ये-जा अडविणे अवघड होते.

निजाम सरकारने या पत्रावर बंदी घातली, तेव्हा वाघमारे यांनी तेच पत्र निराळ्या नावांनी काढण्याचा मार्ग पत्करला. बंदीचा हुकूम पत्राच्या नावावर निघतो. नाव बदलले, की नवा हुकूम काढावा लागतो, आणि तो निघेपर्यंत काही अंक वाचकांच्या हाती पडलेले असतात. फ्रान्समध्ये क्लेमांसो यांच्या लॉम लिब्र (मुक्त मानव) या पत्रावर १९१४ मध्ये अशीच वेळ आली, तेव्हा त्यांनी ते लॉम आंशेने (शृंखलाबद्ध मानव) या नावाने चालविले होते. मात्र क्लेमांसो हे माजी पंतप्रधान व सिनेटचे सदस्य होते. वाघमाऱ्यांच्या पाठीशी असे कोणतेही पद नव्हते, हा फरक लहान नव्हे.

संस्थानातील लढा केवळ मराठी पत्रांचा नव्हता, हे येथे मुद्दाम नोंदविले पाहिजे. मंदुमुल नरसिंगराव यांचे रय्यत हे उर्दू पत्र सरकारच्या रोषास पात्र झाले. त्या पत्रात काम केलेले तरुण पत्रकार शोएबउल्लाखान यांनी पुढे इमरोज हे उर्दू दैनिक काढले व रझाकारांच्या अत्याचारांवर कठोर टीका केली. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री त्यांच्यावर प्राणघातक हल्ला झाला व त्यात त्यांचा अंत झाला. त्यानंतर महिनाभराच्या आतच, १३ ते १७ सप्टेंबरच्या पोलीस कारवाईने, निजामी राजवट संपुष्टात आली. या संघर्षाला केवळ धर्माचे स्वरूप देणाऱ्यांनी शोएबउल्लाखान यांचे नाव विसरू नये.

विलीनीकरणानंतर मराठवाडा औरंगाबादेत स्थिरावले व पुढे दैनिक झाले. अनंत भालेराव (१९१९–९१) यांच्या संपादकत्वाखाली ते विभागाचे मुखपत्र बनले. स्वतः स्वातंत्र्यसैनिक असलेल्या भालेरावांची भाषा रोखठोक असे. सिंचन, रेल्वे, शिक्षण यांतील अनुशेषाचा प्रश्न आणि १९७४ चे विकास आंदोलन त्यांनी लावून धरले. मराठीभाषक प्रदेश १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला; तथापि राज्यात आल्याने मागासलेपण आपोआप दूर होत नाही, हे या पत्राने सातत्याने मांडले.

याच प्रादेशिक अस्मितेची दुसरी बाजू १९७८ मध्ये दिसून आली. मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै रोजी संमत केला. भालेरावांनी व त्यांच्या पत्राने नामांतरास विरोध केला. त्यांच्या मते हा प्रश्न विभागाच्या ओळखीचा होता. परंतु ठरावानंतर गावोगावी दलितांची घरे जाळण्यात आली, आणि ज्यांची घरे जळाली त्यांना ही मीमांसा पटण्याजोगी नव्हती. बंदीहुकमांना न जुमानणाऱ्या पत्राच्या इतिहासातील हे सर्वांत वादग्रस्त पान होय. चळवळीतील अनेक जुने सहकारी या प्रश्नावर परस्परांपासून दुरावले.

लोकमत या दैनिकाची औरंगाबाद आवृत्ती १९८२ मध्ये निघाली. भांडवल, यंत्रसामग्री व वितरण यांच्या बळावर चालणाऱ्या पत्रांचे युग तेव्हापासून येथे सुरू झाले. भालेराव यांनी हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा या ग्रंथात चळवळीचा इतिहास लिहून ठेवला आहे. विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. तो पाहण्यास भालेराव हयात नव्हते.